आधी गावाचा इतिहास बाहेर काढा, मग कॉम्प्युटरचं बघू

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून):

"मी खानापूर तालुक्यातल्या एका गावात राहणारा निवृत्त प्राथमिक शिक्षक. घरी २०१४ साली घेतलेला डेस्कटॉप आहे. आय-३, चौथी पिढी, ४ जीबी रॅम, असं पुतण्याने बघून सांगितलं. आता स्क्रीनवर सारखी सूचना येते की विंडोज १० चा सपोर्ट संपला. पुतण्या बेळगावात कामाला आहे. तो म्हणतो, 'काका, हे डबडं मोडीत घाला नाहीतर दुकानात देऊन फॉरमॅट मारून घ्या.' खरं माझा जीव होत नाही. त्यात मी गावाचा इतिहास टाइप करून ठेवलाय, सव्वाशे पानं आहेत. मराठी मजकूर 'शिवाजी' फॉन्टात आहे. जुन्या उताऱ्यांतला कन्नड मजकूर एका माजी विद्यार्थ्याने 'नुडी' या कन्नड फॉन्टात टाइप करून दिला, तो मध्ये मध्ये घातलाय. ही फाइल मुलीच्या लॅपटॉपवर उघडली तर नुसता इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो. दुसरं म्हणजे वडिलांच्या भजनी मंडळाच्या वीसेक कॅसेट ट्रंकेत आहेत. काहींवर पांढरी बुरशी आली आहे. हे सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं म्हणतो. कशाने सुरुवात करू?"

गुरुजी, सप्रेम नमस्कार.

पुतण्या काळजीपोटी बोलतोय आणि विंडोजबद्दलचं त्याचं म्हणणं बरोबरही आहे. पण तो म्हणतो तसं लगेच फॉरमॅट मारलंत तर मोठं नुकसान होईल, म्हणून आधी एवढंच सांगतो की तुमची दोन्ही कामं पुरी होईस्तोवर त्या कॉम्प्युटरला कुणालाही हात लावू देऊ नका. तुमचा इतिहास आज नीट वाचता येतो तो फक्त त्या एका मशीनवर. आणि कॅसेट उतरवायलाही तेच मशीन मुलीच्या नव्या लॅपटॉपपेक्षा जास्त सोयीचं आहे. का, ते पुढे येईल.

आजच संध्याकाळी करायचं काम अगदी साधं आहे. एक बाहेरची हार्ड डिस्क आणा आणि इतिहासाच्या फाइलींचं सगळं फोल्डर तिच्यावर कॉपी करा. त्यासोबत सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात 'फॉन्ट्स' नावाचं फोल्डर आहे, त्यातले शिवाजीचे आणि नुडीचे फॉन्टही कॉपी करा. हे सहसा कुणी सांगत नाही. दुकानात फॉरमॅट मारताना 'डी ड्राइव्हला हात लावत नाही, तुमचा डेटा राहील' असं सांगतात आणि डेटा राहतोही. पण फॉन्ट सी ड्राइव्हवर असतात, ते जातात. मग फाइल जागेवर असते आणि वाचता मात्र येत नाही.

यानंतर ती फाइल त्याच कॉम्प्युटरवर वर्डमध्ये उघडा, प्रिंटवर जा आणि प्रिंटरच्या यादीतून 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडा. सव्वाशे पानांची पीडीएफ तयार होईल. ती कुठल्याही मोबाइलवर तशीच्या तशी दिसते, कारण अक्षरांचे आकार तिच्यातच साठवलेले असतात. तिच्यातला मजकूर शोधता किंवा बदलता येणार नाही, पण मूळ कसं होतं याचा पुरावा तुमच्याकडे कायम राहील. पुढे रूपांतर करताना शंका आली की याच पीडीएफकडे बघायचं आहे.

आता तो खिचडा का दिसतो ते सांगतो. शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी हे सगळे जुन्या डीटीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवण्याच्या, काळातले फॉन्ट. तेव्हा फॉन्ट करणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवले. त्यामुळे तुमच्या फाइलीत कॉम्प्युटरच्या लेखी इंग्रजी अक्षरंच आहेत, फक्त त्यांच्यावर शिवाजी फॉन्टचा अंगरखा आहे. फॉन्ट नसलेल्या मशीनवर तो अंगरखा निघतो आणि खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. युनिकोडमध्ये तसं नाही. तिथे देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे. 'क'चा क्रमांक ०९१५, मग फॉन्ट कुठलाही असो. म्हणून तुमच्या इतिहासाचं खरं काम म्हणजे त्याला युनिकोडमध्ये आणणं.

रूपांतर करणारे कन्व्हर्टर नेटवर मोफत मिळतात. एका बाजूला जुना मजकूर चिकटवायचा, बटण दाबायचं, दुसऱ्या बाजूला युनिकोड मिळतं. मात्र प्रत्येक फॉन्टचा कन्व्हर्टर वेगळा लागतो. शिवाजीचा मजकूर कृतिदेवच्या कन्व्हर्टरमध्ये घातला तर निघेल ते कुणालाच वाचता येणार नाही.

इथेच तुमच्या फाइलीची खास अडचण आहे, आणि आपल्या सीमाभागातल्या बहुतेक जुन्या फाइलींची हीच अडचण असते. तुमच्याकडे एकाच फाइलीत तीन गोष्टी आहेत: शिवाजीतलं मराठी, नुडीतलं कन्नड आणि मधूनमधून खरंखुरं इंग्रजी, म्हणजे सर्व्हे नंबर, साहेबांची नावं वगैरे. कॉम्प्युटरच्या लेखी ही तिन्ही इंग्रजी अक्षरंच. यातलं कुठलं काय आहे, हे फक्त त्या तुकड्याला लावलेल्या फॉन्टच्या नावावरून कळतं. तुम्ही सगळा मजकूर उचलून सरळ कन्व्हर्टरमध्ये टाकलात किंवा फाइल साध्या टेक्स्टमध्ये सेव्ह केलीत, की फॉन्टची नावं पुसली जातात. मग कन्नड उताऱ्यांवर मराठीचा कन्व्हर्टर चालतो आणि ते उतारे कायमचे बिघडतात. बाहेरून बघणाऱ्याला तिथे कन्नड होतं याचा सुगावाही लागत नाही.

म्हणून फाइलीची एक नक्कल करा आणि नकलेवर काम करा. वर्डमध्ये 'फाइंड'च्या खिडकीत 'मोअर' दाबलं की खाली 'फॉरमॅट' येतं, त्यात 'फॉन्ट' निवडा आणि नुडीचं नाव द्या. शोधायच्या चौकटीत काहीच लिहू नका. आता वर्ड शब्द न बघता फॉन्ट बघून शोधेल. सापडलेल्या सगळ्या कन्नड मजकुराला लाल रंग द्या. तसंच टाइम्स न्यू रोमन किंवा जो असेल तो इंग्रजी फॉन्ट शोधून त्याला निळा द्या. काळं राहील ते मराठी. एवढं झालं की काळे तुकडे शिवाजीच्या कन्व्हर्टरमधून, लाल तुकडे नुडीच्या कन्व्हर्टरमधून काढायचे आणि निळ्याला हात लावायचा नाही. एका वेळी दोन-तीन पानं घ्या. घाई केलीत तर कुठपर्यंत झालं ते कळणार नाही.

रूपांतर झालेला मजकूर जसाच्या तसा खरा धरू नका. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफार जुन्यात शेवटी यायचा, युनिकोडमध्ये 'र' आणि हलन्त आधी येतात. या उलटापालटीत जोडाक्षरांवरच्या वेलांट्या चुकीच्या अक्षरावर जाऊन बसतात. सगळ्यात जास्त मोडतो तो आपला मराठीचा अर्धा र. शेतकऱ्यांचा, कातकऱ्यांचा, दऱ्या, पायऱ्या, कुऱ्हाड हे शब्द डोळ्यांत तेल घालून बघा. हिंदीला तो र लागत नाही, त्यामुळे हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या कन्व्हर्टरांत तो हमखास चुकतो. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाणित कळफलकावर तो असा येतो: शिफ्ट दाबून जे, मग डी, मग स्लॅश. झालं 'ऱ्य'. 'ळ' शिफ्ट आणि एन वर आहे.

या चुका त्रासदायक वाटल्या तरी त्यांचा एक फायदा आहे. कन्व्हर्टर जी चूक एकदा करतो तीच सगळीकडे करतो. पहिली पाच पानं पीडीएफ शेजारी ठेवून बारकाईने तपासा, तुटलेली जोडाक्षरं वहीत टिपून ठेवा, मग पुढच्या सगळ्या पानांत 'फाइंड अँड रिप्लेस'ने एकेक चूक एका झटक्यात दुरुस्त होते. गावांची आणि माणसांची नावं मात्र स्वतः वाचा. ते काम तुमच्याशिवाय दुसरं कोण करणार? कन्नड भागासाठी तो माजी विद्यार्थी अजून संपर्कात असेल तर त्यालाच बोलवा. ज्याने टाइप केलं त्याला चूक पटकन दिसते.

यापुढे नवीन लिहायचं ते थेट युनिकोडमध्येच लिहा. तुमच्या विंडोज १० मध्ये भाषा म्हणून मराठी जोडलीत की इनस्क्रिप्ट येतो, आणि इंग्रजी स्पेलिंगने लिहायची सवय असेल तर मराठी फोनेटिक कळफलकही त्यातच आहे. कन्नडही तसंच जोडा. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजी, मराठी, कन्नड असं फिरता येतं. एका परिच्छेदात तिन्ही भाषा आल्या तरी आता काही बिघडत नाही.

आता कॅसेट.

डेस्कटॉपच्या मागच्या बाजूला तीन गोल भोकं असतात: गुलाबी माइकचं, हिरवं स्पीकरचं आणि निळं 'लाइन इन'चं. ते निळं भोक तुमच्या कामाचं. नव्या लॅपटॉपला बहुधा एकच भोक असतं, त्यातून माइकचा आवाज आत जातो, तोही मोनो आणि वाढवून, आणि टेपचा आवाज त्यातून फाटतो. दोन्ही टोकांना साडेतीन मिमीची स्टिरिओ पिन असलेली केबल घ्या, तिचं एक टोक टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकात आणि दुसरं निळ्या भोकात घाला. रेकॉर्डिंगला ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, ते तुमच्या मशीनवर सहज चालतं. टेपरेकॉर्डर शक्य असेल तर सेलवर चालवा. दोन्ही उपकरणं घरच्या विजेवर असली की रेकॉर्डिंगमध्ये एक बारीक घुंईं असा आवाज बसतो, तो नंतर निघता निघत नाही. पावसाळ्यात वीज जाते-येते, म्हणून कॉम्प्युटरला यूपीएस हवाच.

कॅसेट लावण्याआधी तिच्या वरच्या कडेला असलेली दोन छोटी प्लॅस्टिकची जिभळी मोडून टाका. ती मोडली की चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं जात नाही. वडिलांच्या आवाजावर खोलीतली शांतता रेकॉर्ड होणं, यापेक्षा वाईट काही नाही. मग कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळून घ्या, वर्षानुवर्षं चिकटून बसलेली रीळ सुटी होते. टेपरेकॉर्डरचं हेड आणि रबरी चाक आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानकाडीने पुसा. मेडिकलमध्ये ते मिळतं. सेंट किंवा घरातलं दुसरं काहीही वापरू नका. दर दोन-तीन कॅसेटींनंतर पुन्हा पुसा.

बुरशीच्या कॅसेट सगळ्यात शेवटी ठेवा, आणि आत्ता अजिबात वाजवू नका. तुमच्याकडे जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला जो पाऊस पडतो त्यात बंद ट्रंकेतल्या टेपला बुरशी येणं अटळ आहे. ती कॅसेट वाजवली की बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटला. चांगल्या कॅसेट आधी उतरवून घ्या. मग बुरशीच्या कॅसेट कोरड्या हवेत, उन्हात न ठेवता, काही दिवस सुकू द्या. त्यांच्यासाठी एखादा जुना टेपरेकॉर्डर वेगळाच ठेवा आणि टेप पुढे-मागे गुंडाळताना कोरड्या मऊ कापडाने हलक्या हाताने बुरशी टिपून घ्या. हे करताना तोंडाला मास्क लावा, ती धूळ छातीत जाऊ देऊ नका. कॅसेटचं कवच स्क्रूचं असेल तर रीळ काढून दुसऱ्या स्वच्छ कवचात बसवता येते. टेप आतच तुटली असेल तरी जोडता येते, टाकून देऊ नका.

ऑडॅसिटीत रेकॉर्डिंगचं माध्यम 'लाइन इन' आणि स्टिरिओ निवडा. मंडळाचा गजर सगळ्यात टिपेला जातो तो भाग आधी वाजवून बघा आणि टेपरेकॉर्डरचा आवाज असा ठेवा की मीटर शून्याच्या सहा डेसिबल अलीकडेच थांबेल. कमी आवाजात रेकॉर्ड झालेलं पुढे वाढवता येतं, फाटलेलं सांधता येत नाही. फाइल 'वेव्ह' या प्रकारात ठेवा, त्यात आवाज न दाबता जसाच्या तसा राहतो. एका मिनिटाला साधारण १० एमबी लागतात, म्हणजे तासाभराची कॅसेट ६०० एमबी आणि वीस कॅसेट मिळून १२ जीबी. आजच्या हार्ड डिस्कला हे काहीच नाही. 'फ्लॅक' या प्रकारात केलंत तर जागा जवळपास निम्मी लागते आणि आवाजात काडीचाही फरक पडत नाही. एमपी-थ्री फक्त नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला करा, मूळ म्हणून ती ठेवू नका.

आणि एक कळकळीची विनंती. ऑडॅसिटीत 'नॉइज रिडक्शन' आहे. टेपची सळसळ घालवायचा मोह होईल, कुणीतरी उत्साही मुलगा 'साफ करून देतो' म्हणेल. मूळ फाइलीवर ते कधीही करू नका. टेपची सळसळ आणि टाळांची झणकार या दोन्ही साधारण एकाच उंचीच्या पट्टीत असतात. सळसळ काढताना टाळांची धार जाते आणि भजन पाण्याखालून ऐकल्यासारखं येतं. थोडी सळसळ राहिली तरी चालेल, टाळ टाळासारखे वाजले पाहिजेत. करायचंच तर नकलेवर करा.

प्रत्येक कॅसेटच्या दोन्ही बाजूंचा आणि कव्हरवरच्या अक्षरांचा मोबाइलने फोटो काढा. फाइलीला 'ऑडिओ १' असं नाव न देता साल, गाव, प्रसंग आणि बाजू अशी नावं द्या. मग ज्यांचे आवाज टेपवर आहेत त्यांच्यातले जे कुणी हयात असतील त्यांना घरी बोलवून ऐकवा आणि कोण गातंय, मृदंगावर कोण आहे, पेटीवर कोण आहे, हे विचारून लिहून ठेवा. हे काम कॅसेट उतरवण्यापेक्षाही निकडीचं आहे. बुरशीची टेप अजून एक पावसाळा थांबू शकते, आवाज ओळखणारी माणसं किती थांबतील ते आपल्या हातात नाही.

सगळं झालं की दोन वेगवेगळ्या डिस्कवर प्रती करा. एक तुमच्याकडे, एक मुलीच्या घरी. इतिहासाची युनिकोड फाइल आणि पीडीएफ गूगल ड्राइव्हवरही ठेवा. तिथल्या मोफत १५ जीबीमध्ये तुमचा जीमेल, फोटो आणि अँड्रॉइड मोबाइलचा व्हॉट्सअ‍ॅप बॅकअपही मोजला जातो, पण मजकुराच्या फाइलींना जागा फारशी लागत नाही. पेनड्राइव्ह नेण्या-आणण्याला ठीक, वर्षानुवर्षं जपून ठेवायला नाही.

राहिलं विंडोज. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट बंद केली हे खरं. कॉम्प्युटर त्यामुळे बंद पडत नाही, पण इंटरनेटवर तो दिवसेंदिवस असुरक्षित होत जातो. तुमची दोन्ही कामं नेटशिवाय होतात, कन्व्हर्टरचं काम मुलीच्या लॅपटॉपवर करा. तोवर नेटची केबल काढून ठेवली तर नेटवरून येणारा धोका उरत नाही. नेट लागणारच असेल तर घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट जाहीर झाली आहेत. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर त्यासाठी नोंदणी करता येते, मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं.

विंडोज ११ तुमच्या मशीनवर अधिकृतपणे चालत नाही. त्याला साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. दुकानात कुणी 'जुगाड करून ११ घालून देतो' म्हणालं तर नको म्हणा. अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. क्रॅक केलेलं विंडोज तर दारातही घेऊ नका, त्यासोबत काय आत येतं ते कुणी सांगत नाही. आणि 'तुमचं विंडोज बंद झालं, या नंबरवर फोन करा' असं स्क्रीनवर आलं तर ती फसवणूक आहे. मायक्रोसॉफ्ट सूचनेत फोन नंबर देत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

कामं उरकल्यावर पुतण्याला सांगा की फॉरमॅटऐवजी डिस्क बदलू. जुनी हार्ड डिस्क काढून पाकिटात घालायची, वर तारीख लिहायची, कपाटात ठेवायची. तिच्या जागी २४० जीबीची साटा एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क, आणि शेजारी ४ जीबीची आणखी एक डीडीआर-३ रॅम बसवायची. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकलीत तर तो कॉम्प्युटर ब्राउझर, लेखन, गाणी, व्हिडिओ यांना अजून काही वर्षं आरामात पुरेल. मिंट पेनड्राइव्हवरून न बसवताही चालवून बघता येतं, पटलं तरच बसवा. त्यात मराठीचा 'कगप' नावाचा एक ध्वन्यनुसारी कळफलक मिळेल. कगप म्हणजे कन्नड गणक परिषद. कन्नडसाठी केलेली ती मांडणी आज मराठीलाही चालते. मुलीच्या लॅपटॉपचा तुम्हाला हेवा वाटायचं कारण नाही. फक्त लक्षात ठेवा, मिंट घालण्याआधी शिवाजी आणि नुडीचं रूपांतर पूर्ण झालेलं असलं पाहिजे.

आणि हो, या सगळ्या कामाला सुरुवात करतानाच क्रिस्टलडिस्कइन्फो हे छोटं सॉफ्टवेअर चालवून जुन्या डिस्कची तब्येत बघा. 'गुड' असेल तर ठीक. 'कॉशन' किंवा 'बॅड' दिसलं, किंवा डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर मी वर सांगितलेला क्रम बाजूला ठेवा आणि आजच्या आज इतिहासाची फाइल आणि फॉन्ट कॉपी करून ती मशीन बंद करा.

रूपांतराला सुरुवात केलीत की एक पान नमुन्यादाखल पाठवा. मूळ फाइलीतलं पान, त्याच पानाची पीडीएफ आणि कन्व्हर्टरमधून निघालेला मजकूर, तिन्ही जोडा. शक्यतो कन्नड उतारा मध्ये असलेलं पान निवडा. कुठली जोडाक्षरं मोडताहेत ते बघून शोधायची-बदलायची यादी तयार करून पुढच्या सदरात देतो, म्हणजे अशाच फाइली घेऊन बसलेल्या इतरांनाही ती वापरता येईल.